पाचवं पिंप

फुल्विया आठ वर्षांनी मोंतेवाइरोत आली, ती नेमकी सान मार्तिनोच्या दिवशी. नवी वाइन चाखायचा दिवस. कधीकाळी लिविओशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, तिचं लग्न ठरलं होतं. ते मोडलं, ती तोरिनोला गेली, आणि आता बड्या बड्या लोकांच्या वाइन चाखून त्यांना नावं ठेवायचे पैसे घेते.

"तिला जरा गाव फिरवून आणतो," लिविओ म्हणाला.

"तिचंच तर गाव आहे. फिरवायचं काय त्यात?"

"मग तूही चल की!"

गेले. आठ महिन्यांच्या निवेसला बाबागाडीत घातलं आणि निघाले. दगडी चढावर दर चार पावलांना चाक फटीत अडकायचं. पुढे ते दोघं. फुल्वियाच्या बुटांना एवढ्या टाचा, पण त्या एकदाही अडकल्या नाहीत. मनोऱ्यापाशी थांबून तिनं भिंतीवर हात ठेवला आणि हसली. लिविओही हसला. भिंतीवर काय होतं, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं.

बेकरीतला एल्मो पीठभरल्या हातांनी बाहेर आला. "अरे वा! जोडी अजून तश्शीच!" मग त्याला मी दिसले. "आणि हे... हे बाळ काय गोड आहे हो!"

बाळाची आई गोड नसावी.

माझं माहेर खाली सपाटीवर, भातखाचरांत. डोंगरावरची ही माणसं आम्हाला बेडूकखाऊ म्हणतात. खातोच आम्ही बेडूक, चांगले लागतात. पण द्राक्षातलं हिला काय कळणार, हे सासूबाईंनी लग्नाच्या जेवणातच जाहीर करून टाकलं होतं.

इथे मूल जन्मलं की त्या वर्षीच्या वाइनचं एक पिंप त्याच्या नावानं निवडतात. त्याच्या बाटल्या अठरा वर्षं ठेवायच्या आणि वाढदिवसाला फोडायच्या. निवेसचं पिंप आज ठरणार होतं. मार्चपासून मी या दिवसाची वाट बघत होते.

दुपारी तळघराच्या दारात सासूबाई आडव्या आल्या. "अंगावर पाजणारीनं खाली जायचं नाही. वाइन नासते."

"आणि फुल्विया?"

"तिचं वेगळं. शिकलेली जीभ आहे तिची."

मी लिविओकडे बघितलं. तो मान खाजवत म्हणाला, "दहा मिनिटांचं काम आहे गं. राख ना आईचं मन."

दोघं खाली गेले. मी वरच्या पायरीवर पोरीला घेऊन बसले. खालून आंबट-गोड वास येत होता, आणि हसणं. मग फुल्वियाचा आवाज आला, "तीन नंबर! डोळे मिटून. हेच तुझ्या लेकीचं. लिव्ही, खडू दे."

लिव्ही!

मी निवेसला कडेवर घेतलं आणि उठले.

"अगं, नासेल ना!" सासूबाई ओरडल्या.

"नासू दे."

खाली तिसऱ्या पिंपावर फुल्वियाच्या वळणदार अक्षरात माझ्या मुलीचं नाव लिहिलेलं होतं. मी लिविओच्या हातातली, पिंपातून वाइन काढायची काचेची नळी घेतली, तिसरं चाखलं, पाचवं चाखलं.

"हे," मी पाचव्यावर हात ठेवला.

"ऑर्नेला, पाचवं पातळ आहे," फुल्विया शांतपणे म्हणाली. "दहा वर्षांतच आंबेल."

"तिसरं तू निवडलंस ना? मग पाचवं."

"हे हट्टाचं काम नाही," लिविओ म्हणाला. "निवेसचं आहे."

"म्हणूनच."

मग त्यानं बाहीनं तिसऱ्यावरचं नाव पुसलं आणि पाचव्यावर लिहिलं. वाकडंतिकडं, पण त्याच्या हातानं. फुल्वियानं खांदे उडवले. संध्याकाळच्या बसनं जाताना तिनं माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. चांगला वास येत होता तिला.

सासूबाई जेवणभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मी निवेसला पाजत बसले होते, तेव्हा लिविओ जवळ येऊन हळूच म्हणाला, "खडूच आहे गं. उद्या पुसून टाकू?"

खरं सांगू? तिसरं अमृत होतं. बेडूक खाणाऱ्या जिभेलासुद्धा ते कळलं होतं. पोरगी अठराची होईल, पहिला घोट घेऊन तोंड वाकडं करेल, विचारेल, "आई, हे निवडलं कुणी?" निवेसची इवली मूठ माझ्या छातीवर उघडत होती, मिटत होती.

"नको," मी म्हणाले. "राहू दे."