पाणी काढल्यावर

तीन नळ्या. करंगळीएवढ्या. आत पाणी, इतकं नितळ की पलीकडची सिस्टरची बोटं दिसतात... बनाबाई बघतच राहिली. तिला वाटलं होतं गढूळ निघेल, पिवळट, वास मारणारं. दीड वर्षं ज्यानं माझा माणूस गिळला ते हे? सिस्टर नळ्या घेऊन गेली. सिद्धनाथ कॉटवर पडून होता, कमरेला सुईच्या जागी पट्टी.

डोक्यातलं पाणी कमरेतून काढायचं, हेच मुळात तिला पटलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सकाळी समजावलं होतं — असं पाणी सगळ्यांच्याच मेंदूत असतं, रोज नवं होतं, रोज जिरतं. उतारवयात कधी कधी जिरेनासं होतं आणि साठतं, मग पाय जमिनीला चिकटतात, लघवी सांभाळत नाही, विचार मंदावतो, आणि घरचे म्हणतात म्हातारपण. आज थोडं काढून बघायचं. चालण्यात फरक पडला तर ऑपरेशन करून आतून नळी बसवायची, जास्तीचं पाणी पोटात उतरवायचं.

बनाबाईला मेंढरं माहीत होती. डोक्यात पाण्याचा फोड झालेलं मेंढरू एकाच अंगाला गरागरा फिरतं, चरायचं विसरतं, सिद्धनाथच अंगठ्यानं त्याचं कपाळ चाचपायचा, हाड मऊ लागलं की म्हणायचा, "डोस्क्यात पानी हाय. ह्यो जीव आता आपला न्हाय." म्हणून गेल्या दिवाळीत तो पडला, सोलापुरात डोक्याचा फोटो काढला आणि तिथल्या माणसानं 'मेंदूत पाणी दिसतंय, मोठ्या डॉक्टरला दाखवा' म्हणून चिठ्ठी दिली, तेव्हा ती तिनं ट्रंकेत लुगड्यांखाली घातली. पोराला सांगितलं, वय झालंय. फसवलं नाही मी कुणाला... मला खरंच वाटलं, संपलं. चिठ्ठी गेल्या आठवड्यात सुनेला, पूनमला, सापडली. पूनम ओरडली नाही, सरळ इथं घेऊन आली, तेच जास्त लागलं.

आणि माणूस डोळ्यांसमोर असताना त्याची वाट बघणं — हे कुणाला सांगायचं? चाळीस वर्षं ती त्याच्या मागनं चालली, मेंढरं घेऊन, मंद्रूपहून भीमेकाठानं, शेत बदललं की मुक्काम बदलत, तो पुढं, काठी खांद्यावर आडवी, मागं न बघताच विचारायचा, "आलीस का गं?" तेव्हा चीड यायची, येणार नाही तर जाते कुठं मेली! आता त्या एवढ्याशा शब्दांसाठी जीव तुटायचा. भरवताना, धोतर बदलताना, रोज.

दुपारी त्याला पुन्हा चालवलं. सकाळी फरशीवरच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर एकतीस पावलांत, घासत घासत. आता त्यानं पाय उचलला. उचलला की! सोळा पावलं, आणि वळला तेही न धडपडता. पूनम हसत-रडत नवऱ्याला फोन करायला बाहेर पळाली.

सिद्धनाथ कॉटवर टेकला आणि त्यानं बनाबाईकडं बघितलं. नुसते डोळे वळवले नाहीत, बघितलं.

"बने, लई वाळलीस की."

तिनं पदर तोंडात कोंबला. आला. माझा माणूस आला...

"मेंढरं कुनापाशी सोडलीस?"

मंद्रूपच्या बाजारात सगळी विकली होती तिनं, चिठ्ठी ट्रंकेत घातल्यावर महिन्याच्या आत. तेव्हा तो शेजारीच उभा होता. तिनं त्याच्या हातातली दोरी काढून घेतली तरी बोलला नाही, म्हणून तो आता परत येत नाही अशी तिची खात्रीच पटली होती.

"अवं... च्या घेता का?"

"मी काय इचारतोय?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हा फरक दोन-चार दिवसांचा, ओसरेल. टिकवायचा तर नळी. ओसरला तर हा प्रश्नही ओसरेल... असं क्षणभर मनात आलं, आणि तिची तिलाच शिसारी आली. नको रे बिरोबा. राहू दे त्याला. शिव्या देऊ दे, जन्मभर अबोला धरू दे, पण माझ्यापुढं चालू दे.

तो उत्तरासाठी थांबला होता, भुवया वर चढवून, अगदी पूर्वीसारखा. दीड वर्षात पहिल्यांदा तिला नवऱ्याची भीती वाटत होती, आणि ही भीती जाऊ नये असं वाटत होतं.