मातीत गेलेली नक्षी

"दे की तो कागद. चिखलाच्या हातांना भितेस होय गं?" मोठीआईने हात नेसणीला पुसले. समोर तिचं चिखलाने अर्धं रंगवलेलं कापड वाळत होतं.

सितानने कागद पाठीमागेच धरला. ती बामाकोहून बसने थेट गावी, कोलोकानीला आली होती. शाळेच्या पहिल्या पुस्तकासाठी तिने बांबारा भाषेच्या अक्षरांचा नवा फॉन्ट घडवला होता, गावच्या कापडांवरच्या नक्षीवरून. सगळ्यांनी वाखाणला. छपाईआधी पानं चाळताना मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं. अक्षराअक्षरात उमटलेली ती तुटक नागमोडी रेघ कानिबाच्या कापडावरची होती.

कानिबा, मोठीआईची एकुलती लेक, बाळंतपणात गेली. आईने रंगवलेलं कापड तिच्याबरोबर मातीत गेलं. अशी नक्षी पुन्हा कुणी काढायची नाही, ही गावची रीत. लहानग्या सितानच्या डोळ्यांत ती राहिली होती. हाताने ती नकळत बाहेर काढली.

"तुम्ही त्राओरे असेच. चवळ्या खाऊन जीभ जड होते," मोठीआईने डिवचलं.

"चवळ्या तुम्ही जारा लोक खाता," सितान सवयीने म्हणाली. दोन कुळांमधली ही जुनी थट्टा होती. तिने कागद दिला.

मोठीआईला वाचता येत नव्हतं. तिचा अंगठा एका अक्षरावरून फिरला आणि थांबला. ती हळूच खाली बसली. ओठ हलले. अल्लाचं नाव की शाप, सितानला कळेना.

"छापलंस?"

"नाही. तू म्हणशील तर मोडते."

"मोड. लेकीचं ते लेकीचं. तिला विचारायला कुठं जायचं आपण?"

सितानने कागद परत घेतला. मोठीआई गुडघ्यांवर हात देत उठली, आत गेली आणि रंगवलेल्या कापडाची एक न नेसलेली घडी घेऊन आली. "हे माझं. माझ्या मातीच्या वेळेसाठी रंगवलेलं."

सितान मागे सरली. "ठेव ना ते आत, मोठीआई."

"भितेस कशाला? मी आहे अजून, मला विचारता येतं. यातली नक्षी घे. मी जाईन तोवर ती पोरांच्या हाती गेलेली असेल, मग कोण पुरतंय तिला?"

सितानने पेन्सिल काढली. तोच कागद उलटून ती नक्षी उतरवू लागली. मोठीआई कापडाची दोन टोकं उंच धरून उभी होती. हात भरून आले तरी तिने काठ जमिनीला टेकू दिला नाही.