बरणीतली कात

"निघाली! कात निघाली!"

फर्निचरच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये एकच कल्ला झाला. मागच्या बाया खुर्च्यांवर चढल्या, पुढच्या बाया घाबरून मागे सरकल्या, आणि मधल्यांना काहीच दिसेना म्हणून त्यांनी नुसत्याच टाळ्या पिटल्या. टकळीने मावशीच्या काखेखालून मान पुढे काढली. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिची बोलती बंद झाली.

ही टकळी नववीत होती. शाळेत तिला दुसरं काहीतरी नाव होतं, पण तोंडाला विसावा म्हणून नसल्याने घरीदारी सगळे तिला टकळीच म्हणत. आता मात्र ती आ वासून बघत होती. समोर स्टुलावर एक पोस्टातल्या बाई डोळे घट्ट मिटून बसल्या होत्या. त्यांच्या दंडावरून कातमाता म्हणवणारी बाई नखाने काहीतरी सोलत होती. चर्र आवाज झाला, पोस्टातल्या बाई "आई गं!" म्हणाल्या, आणि कातमातेच्या चिमटीत एक पातळ, आरपार दिसणारा पापुद्रा आला. तिने तो दिव्यासमोर धरला. त्यावर कातडीची एकूण एक रेघ होती. बारीक छिद्रं होती. दोन-चार केसही होते. माणसाची कातडी, माणसाला सोडून, एकटीच पंख्याच्या वाऱ्यावर हलत होती.

"वजन उतरतं, बाळांनो!" कातमाता डोळे फिरवत म्हणाली. "पण वजनदार बाई उतरत नाही! इतकी वर्षं ती या देहात राहिली, जेवली, प्यायली. तुम्ही तिला उपाशी मारलंत. मेली बिचारी! पण जाणार कुठे? ती दंडाला धरून लोंऽऽबकळते!"

हे 'लोंऽऽबकळते' ती इतकं लांबवायची की ऐकणाऱ्याचा दंड आपोआप जड व्हायचा. हॉलमधले सगळे आरसे पांढऱ्या चादरींनी झाकलेले होते. फळीवर काचेच्या बरण्या होत्या आणि प्रत्येक बरणीत एकेका बाईची कात घडी घालून ठेवलेली होती.

"कात माझ्यापाशी सुखरूप, तोवर तुम्ही सुखरूप. तिला धक्का लागला, किंवा पाण्याचा थेंब जरी लागला, तर..."

पुढचं ती कधीच बोलायची नाही. ते ज्याने त्याने घरी जाऊन पूर्ण करायचं, आणि घरी जाऊन माणूस स्वतःला कातमातेपेक्षा कितीतरी जास्त घाबरवू शकतो.

"पुढची," कातमाता म्हणाली.

पुढची टकळीची आई होती.

आई शाळेची बस चालवायची. वर्षानुवर्षं सीटवर बसून तिचं वजन एवढं वाढलं होतं की गुडघे रोज संध्याकाळी तक्रार घेऊन यायचे. मग तिने मनावर घेतलं. सकाळची फेरी संपली की बस डेपोत लावायची आणि डेपोच्या कुंपणाकडेने चालायचं. उन्हात चालली, थंडीत चालली, ताटातलं निम्मं काढून ठेवलं, आणि खरंच उतरली! ओळखीचे लोक ओळख विसरून पुढे जाऊ लागले. पण दंडांची कातडी मात्र ढिली पडून लोंबू लागली. वळणावर बसचं ते मोठं स्टिअरिंग फिरवलं की दंड लपलप हलायचे. मागून पोरं ओरडायची, "काकू, उडा ना!" आणि एका दिवसात तिचं नाव पडलं: पंखवाली काकू. आई हसली. घरी आली आणि कपाटातून पूर्ण बाह्यांचे शर्ट काढून बसली. भर उन्हाळ्यात.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण आई अजूनही स्वयंपाकघराच्या अरुंद दारातून आडवी होऊन जायची. सोफ्यावर बसताना शेजारी जागा सोडायची. एकदा टकळी त्या जागेवर बसायला गेली तर आई पटकन म्हणाली, "तिथे नको." का नको, ते तिचं तिलाही सांगता येईना. गंमत म्हणजे, पुढे टकळीही ती जागा सोडून बसू लागली. आणि गंमत तरी कसली? रिकाम्या जागेकडे पाठ करायची भीती वाटू लागली, ही काय गंमत आहे?

मग एके दुपारी आई हळूच म्हणाली, "पोरं उतरली की बस रिकामी होते ना, तेव्हा आरशात मागच्या सीटवर ती बसलेली दिसते."

"कोण?"

"मी. आधीची."

मावशीने हे ऐकलं आणि बहिणीला हाताला धरून इथे आणलं. मावशीचं मन चांगलं होतं. फक्त डोकं ती नेहमी दुसऱ्याचं वापरायची.

कातमातेने आईला दोन्ही हात आडवे पसरायला लावले. "बघा, कशी लोंबतेय!" मग थंडगार पांढरा लेप लावला. पेपरमिंटचा वास सुटला. पंखा मोठा केला, डोळे मिटायला लावले, मंत्र पुटपुटले. मंत्र बराच लांब होता. पांढरा लेप हळूहळू पारदर्शक झाला आणि आई कापऱ्या आवाजात म्हणाली, "ओढतंय. कुणीतरी आतून ओढतंय."

"ती जातेय! हात वर कर!"

आईने हात डोक्यावर नेले. कातडी ताठ दिसली. बाया "अहाहा!" करून उठल्या. चर्र! कात निघाली, बरणीत गेली. मग कातमातेने आईच्या दोन्ही दंडांवर काळे रबरी बंध करकचून बसवले. "हे काढायचे नाहीत. काढलेस तर ती परत चढेल."

परत येताना मावशीची गाडी जोरात होती. "बघितलंस? डॉक्टरांच्या बापाला जमणार नाही!" टकळी मागे वळून हॉलच्या खिडकीकडे बघत होती. तिला वाटत होतं, आपल्या आईचा एक तुकडा त्या फळीवर राहिलाय.

चार दिवसांत आईची बोटं काळीनिळी पडू लागली. चहाचा कप हातातून निसटला. ती बंध काढेना. बसमधला आरसा तिने वाकडा करून ठेवला, म्हणजे मागची सीट दिसायला नको. आणि मग शाळेच्या फाटकासमोरच्या वळणावर बधिर बोटांतून स्टिअरिंग सुटलं. बस फूटपाथवर चढली, विजेच्या खांबाला टेकून थांबली. पोरं किंचाळली. कुणाला लागलं नाही. टकळी पुढच्याच सीटवर होती. तिने बघितलं, आई खांबाकडे बघतच नव्हती. ती वाकड्या आरशात बघत होती.

"तिनेच हात धरला माझा," आई म्हणाली.

शाळेने दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी शर्टाची बाही वर केली आणि त्यांचा चेहराच बदलला. "हे आधी काढा! रक्त अडलंय. हात गमवायचाय का?"

"पण डॉक्टर, ती परत येईल."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. खुर्ची ओढून जवळ बसल्या. "हे बघा ताई, कातडी इलास्टिकसारखी असते. वर्षानुवर्षं ताणून मग सोडली की पूर्ण मागे येत नाही. दंडाचे व्यायाम करा, आतला स्नायू भरेल, थोडा फरक दिसेल. फारच जास्तीची कातडी असेल तर शस्त्रक्रिया असते, पण तिचे व्रण राहतात. आणि काहीच केलं नाहीत तरी तुम्ही ठणठणीत आहात. आरशाचं म्हणाल, तर शरीर भरभर बदललं तरी मनातलं चित्र जुनंच राहतं. पुष्कळांना असं होतं."

"मग बरणीत काय आहे?" आईने विचारलं.

ती बरणी डॉक्टरीणबाईंनी पाहिलीच नव्हती. त्यांनी बंध काढले. आईने घरी येऊन ते पुन्हा चढवले.

उत्तर मिळालं ते हस्तकलेच्या तासाला. मागच्या बाकावर टकळीची मैत्रीण नेहमीचा उद्योग करत होती. हा उद्योग शाळेत गेलेल्या प्रत्येकाने केलेला असतो: तळहातावर पांढरा गोंद पसरायचा, फुंकर मारत बसायचं, आणि वाळला की सोलायचा. मैत्रिणीने तो सोलला, खिडकीसमोर धरला.

"बघ, माझं नशीब निघालं!" ती खिदळली. "विवाहरेषेसकट!"

पातळ. आरपार. एकूण एक रेघ.

टकळीच्या अंगावर काटा आला. मग तिने इतक्या जोरात "अगं बाईऽऽ!" केलं की बाईंनी तिला वर्गाबाहेर काढलं. बाहेर उभं राहून तिने गोंद आपल्या हातावर फासला. वाळताना तो कातडी आवळू लागला. ओढतंय. कुणीतरी आतून ओढतंय! भूतबीत काही नाही, गोंद सुकतोय!

घरी तिने आईला सगळं सांगितलं. आईने कानांवर हात ठेवले. "गप्प बस! माझी कात तिच्याकडे आहे. तिला राग आला तर?"

"आई, तो गोंद आहे गं!"

"तू माझी मुलगी आहेस म्हणून सांगते. नको त्या वाटेला जाऊ नकोस."

त्या आवाजात आई नव्हती, नुसती भीती होती. टकळीला कळलं, घरात बोलून भागणार नाही. जिथे भीती घातली, तिथेच जाऊन ती उतरवायला हवी.

पुढच्या सभेला हॉल पुन्हा गच्च भरला. आई पहिल्या रांगेत, काळ्यानिळ्या बोटांची मूठ करून. कातमाता "लोंऽऽबकळते" वर आली आणि टकळी ताडकन उठली.

"माता, माझीही कात निघतेय! आपोआप!"

तिने बाही वर केली, कोपरापाशी नख लावलं आणि सर्रकन एक लांबलचक पापुद्रा सोलून दिव्यासमोर धरला. मग एका म्हातारीने गुडघे टेकले. "बालमाता!" दुसरी पाया पडायला पुढे आली. मावशीने तर भाचीलाच हात जोडले. खोटं कशाला बोला, क्षणभर टकळीला बरं वाटलं. केवढं सोपं आहे हे! मग तिची नजर आईकडे गेली. आई तिच्याकडे तशीच बघत होती, जशी ती आरशात बघायची.

टकळीने घाईघाईने दप्तर उघडलं. गोंदाची बाटली काढली, मग गोंद फासून वाळवलेलं एक संत्रं काढलं. संत्र्यावरून तिने दुसरा पापुद्रा सोलला. त्यावर संत्र्याची बारीक छिद्रं जशीच्या तशी होती.

"यालाही आधीची बाई होती का हो? याने कधी वजन उतरवलं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. कातमाता किंचाळली, "या पोरीला धरलंय! ती वजनदार बाई आता हिच्यात शिरली!"

"शिरली असती तर तिला जागा तरी पुरली असती का?" टकळी काडीसारखे हात पसरून म्हणाली. "आई, तुझी बरणी उघड. तो पापुद्रा पाण्यात टाक. कातडी असेल तर तशीच राहील. गोंद असेल तर पांढरा होईल. बस, एवढंच."

"खबरदार!" कातमाता म्हणाली. "पाण्याचा थेंब लागला तर..."

सगळा हॉल ते 'तर' ऐकत थांबला. टकळीला धावत जाऊन स्वतःच बरणी उघडावीशी वाटत होती. पण तिने स्वतःला आवरलं. ही भीती आईची होती.

आई उठली. फळीपाशी गेली. बधिर बोटांनी झाकण उघडेना, तेव्हा तिने ते दातांनी उघडलं. कातमातेच्या टेबलावर पाण्याचा पेला होता. आईने आपली कात त्यात सोडली आणि डोळे मिटले.

काही झालं नाही. पंखा फिरत राहिला. मग पाण्यातला पापुद्रा हळूहळू दुधासारखा पांढरा झाला, बुळबुळीत होऊन गोळा झाला. आईने डोळे उघडले, तो गोळा बोटांनी चुरडला, नाकाशी नेला.

"पेपरमिंट," ती म्हणाली. आणि एकेक करत दोन्ही काळे बंध उतरवून टेबलावर ठेवले.

मग फळीकडे झुंबड उडाली. "माझी कुठाय?" "अगं, पेला दे इकडे!" सगळ्यात पुढे पोस्टातल्या बाई होत्या, आणि आरशांवरच्या चादरी ओढून काढणारी होती मावशी. या गोंधळात कातमाता मागच्या जिन्याने कधी उतरली ते कळलं नाही. वजनासकट उतरली, एवढं खरं.

आईच्या बोटांना पूर्ववत व्हायला वेळ लागला, आणि डॉक्टरीणबाईंनी हो म्हणेपर्यंत ती बसवर गेली नाही. गेली ती अर्ध्या बाहीच्या शर्टात. आरसा सरळ करून घेतला. दंड तसेच लोंबत होते. रोज सकाळी ती पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलून व्यायाम करते, त्याने जेवढा फरक पडायचा तेवढा पडतोय.

"आता ती दिसत नाही ना?" टकळीने विचारलं.

"दिसते कधी कधी," आई म्हणाली. "पण मी विचार केला, कुंपणाकडेने उन्हातान्हात चालत कोण होतं? तीच ना? मी बारीक झाले ते नंतर. तिला हाकलायचं कशाला?"

म्हणून ही गोष्ट सांगते, बायांनो आणि बाप्यांनो: तुमच्या अंगातून कुणी काही काढून दाखवलं तर हात जोडू नका, हातात घ्या. वास घ्या, पाण्यात टाका, कशाचं आहे ते विचारा. खरं असेल तर ते प्रश्नाला भीत नाही. आणि कुणी 'तर...' म्हणून थांबलं, तर पुढचं वाक्य त्यालाच पूर्ण करायला लावा.

वळण आलं. आईने स्टिअरिंग फिरवलं, दंड लपलपले.

"काकू, उडा ना!" मागून पोरं ओरडली.

"बस थांबल्यावर!" आई ओरडली. आणि फाटकापाशी बस थांबल्यावर, हँडब्रेक ओढून, तिने दोन्ही हात पसरले आणि खरंच पंख हलवून दाखवले.