सुईची कळ

दुष्काळी कामावर खडी फोडताना आमच्या मालकांच्या पायावर धोंडा पडला. संगमनेरच्या डॉक्टरांनी टाके घातले आन कळ थांबवायची सुई दिली. पुढं जखम भरली, पन कळ काही जाईना. मी रोज डॉक्टरांशी भांडायचे, "मानूस तळमळतोय, दिसत न्हाई व्हय तुमाला?" मग ते सुई द्यायचे.

आज मात्र ते बधले न्हाईत. "छबूबाई, ही पायाची कळ नाही, सुईची सवय आहे. आता जखम नाही, तर सुई नाही."

घरी येईस्तोवर मालकांना घाम फुटला, अंग थरथरायला लागलं. मी पानी घेऊन आले, तर ते बरा झालेला पाय उंबऱ्यावर ठेवून बसलेले. खडी फोडायचा हातोडा त्यांनी माझ्याकडं सरकवला.

"माजा हात कापतोय, छबू. तू मार."