मायचा टाक

सहदेव माळ्यानं आपल्या मेलेल्या आईचा टाक तेजाबात टाकला, त्या दिवसापासून देव्हाऱ्यासमोरून जाताना तो मान वर करत नसे. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बोटभर मूर्ती. घरातलं माणूस गेलं की सोनाराकडून करवून घ्यायची, देवात बसवायची, रोज तिला हळदकुंकू वाहायचं. ती यानं विरघळवली. आता तुम्ही म्हणाल, हा काय राक्षस होता का? राक्षस कसला हो, छबीवाला होता बिचारा.

बाप नत्थुजी अंजनगावला पानमळा राखून होता. पोरगा मात्र रेल्वेच्या एका साहेबाची छबी काढायची पेटी वाहता वाहता काचेवर छबी उतरवायला शिकला आणि अमरावतीत कापसाच्या बाजारामागं खोली घेऊन बसला. त्याचं नशीबही असं, की तिकडं अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि इकडं वऱ्हाडात सोन्याचा धूर निघत होता. ज्याच्या बापानं जन्मात धड धोतर नेसलं नव्हतं, तो जरीचा फेटा बांधून सहदेवच्या खुर्चीत बसायचा आणि वर म्हणायचा, "माह्या बैलाची बी काढा, त्याले काऊन सोडता?" दारात रांग लागायची. सहदेवला जेवायला फुरसत नव्हती.

मग ती लढाई संपली आणि कापसाचा भाव असा आपटला, की लोकांना आरशात तोंड पाहायची हौस उरली नाही. छबी तर लांबच. बापानं सांगावे धाडले, मळ्यात ये. हा गेला नाही. रोज सकाळी भिंग पुसायचा, पेटी दारात मांडायचा आणि संध्याकाळी आत घ्यायचा. बायको शकुनचे पायातले तोडे मोडून झाले, भांडी गेली, तरी गडी हटेना. शेजारी हसायचे. त्याला ते कळायचं, आणि कळूनही तो पेटी मांडायचाच.

अशात अकोल्याकडून, बार्शीटाकळीच्या खुशालराव पाटलाचं बोलावणं आलं. तेजीच्या दिवसांत या पाटलानं गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या होत्या म्हणतात. लेक सासरी जायच्या आधी सगळ्या घराची छबी त्याला हवी होती. सहदेवचे हात शिवशिवले. पण काचेवर छबी उठते ती चांदीच्या पाण्यानं. त्यासाठी लागणारं चांदीचं मीठ मुंबईहून यायचं, ते कधीच थांबलेलं. घरी करायचं तर चांदी तेजाबात विरघळवून आटवावी लागते. अन् घरात चांदी म्हणाल, तर देव्हाऱ्यात एवढीशी माय.

शकुन पाण्याला गेली होती तेवढ्यात त्यानं ते काम उरकलं. तांबूस धूर निघाला. त्यानं उपरण्यानं नाक दाबलं, आणि बरं झालं डोळे झोंबतायत, असं त्याला वाटलं. थोड्या वेळानं भांड्यात निळसर पाणी तेवढं राहिलं. पाटलाचं काम झालं की दुसरा टाक करून आणू, कुणाला पत्ता लागणार नाही, अशी त्यानं मनाची समजूत घातली. बायकोला म्हणाला, "सोनाराकडे उजळायले दिला."

पाटलाच्या घरची छबी काय उतरली म्हणता! लेकीच्या नथीचा मोती न् मोती दिसत होता. पण पाटलानं हात जोडले. "बाप्पा, रोकड आता माह्याच घरात नाई. जवारीचं पोतं ने." सहदेवनं पोतं गाडीत घातलं. घरात भाकरी होऊ लागली आणि तो देव्हाऱ्याकडं पाठ करून जेवू लागला. शकुन रोज विचारायची, "आणला का मायचा टाक?" हा रोज म्हणायचा, "उद्या."

अक्षय तृतीया आली. पितरांना पान वाढायचा दिवस. आदल्या सकाळी नत्थुजी बैलगाडीतून उतरला, ओल्या फडक्यात गुंडाळलेली विड्याची पानं घेऊन. माय वारली ती अमरावतीला, लेकाच्या घरी, म्हणून तिचा टाकही त्यानं इथंच बसवला होता. "मी खोपीत राह्यतो, तिले तिथं कुठं ठेवू?" असं तेव्हा म्हणाला होता. म्हाताऱ्यानं पाय धुतले आणि सरळ देव्हाऱ्यापुढं बसला.

"सूनबाई, तुही सासू कुठं गेली?"

"उजळायले दिला टाक, मामाजी. सोनाराकडे."

"कोणत्या सोनाराकडे? चाल रे सहदेवा, घेऊन येऊ."

सहदेव उठून उभा राहिला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. खोटं बोलायला तोंड उघडलं, आणि खोटं काही सुचेना.

"टाक नाई बाबा. मी विरघळवला. पाटलाची छबी काढाले." त्यानं कोनाड्यातल्या बाटलीकडं बोट केलं. "उरलं ते त्यात हाय."

शकुननं तोंडावर पदर घेतला. सासऱ्यापुढं ती कधी मोठ्यानं बोलली नव्हती, आजही बोलली नाही, पण नवऱ्याकडं तिनं असं पाहिलं की त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. म्हातारा आता उठेल आणि कानाखाली वाजवेल, म्हणून सहदेवनं गाल पुढं केल्यासारखी मान वाकवली.

म्हातारा उठला नाही. मांडीवरचं पानांचं फडकं त्यानं चुरगाळलं. मग म्हणाला, "असू दे. अडला तर माणूस काय करीन. अन् खरं सांगू का? त्या अचलपूरच्या सोनारानं तोंड काई बरं केलंच नोतं. नाक पाह्यलं ना कसं होतं, वांग्यावानी! तिचं नाक असं होतं का? मी हात जोडायचो अन् मनात म्हणायचो, हे कोण बाई बसली?"

सहदेवला रडू फुटलं. हलकं वाटलं त्याला, पहिल्यांदाच. तेवढ्यात म्हातारा पुढं बोलला.

"तिची छबी हाय ना तुह्यापाशी? तेच ठेव देवात. टाकापरीस बरं. मले सांगे ना तुही माय, सहदेवानं मले खुर्चीत बसवलं म्हणे, राणीवानी. आण, दाखव मले. दोन वर्सं झाले तिचं तोंड पाह्यलं नाई."

सहदेवनं भिंतीला टेकवलेल्या पेटीकडं पाहिलं.

त्याला तो दिवस आठवला. दारात फेटेवाल्यांची रांग, आणि तिच्यातून वाट काढत माय आलेली, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून. "माही बी काढ ना रे." काच गिऱ्हाइकाची, चांदी गिऱ्हाइकाची. आईवर कोण घालवतो? पण नाही म्हणवेना. त्यानं तिला बसवलं, "हलू नको माय," म्हणाला, काळ्या फडक्यात डोकं घातलं, झाकण काढलं, झाकण लावलं. पेटीत काच घातलीच नव्हती. सवड झाली की खरी काढू, त्यात काय एवढं. नंतर तिनं विचारलं, "निघाली का?" हा म्हणाला, "सुकून रायली." मग ती मळ्यात जाऊन पुन्हा अमरावतीला आली, तेव्हा पटकीची साथ सुरू झाली, आणि एका दिवसात माय गेली.

"बाबा," तो म्हणाला, "पेटीत काच नोती."

"म्हंजे?"

"रिकामी पेटी होती. मी तिले उगाच बसवलं."

म्हाताऱ्याला उमजायला वेळ लागला. मग त्याचं तोंड एवढंसं झालं. "मले सांगे ते," तो हळू बोलला, "सहदेव म्हणला हलू नको, तं म्या श्वास बी घेतला नाई. साऱ्या गावाले सांगत फिरे." आणि त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. टाक गेला तेव्हा न रडलेला माणूस आता पाठमोरा बसून रडत होता.

सहदेवनं त्याचे पाय धरले. "पेटी इकतो बाबा. मळ्यात येतो."

तसा म्हातारा गर्रकन वळला. "आता इकतोस? मायले इरघळवलं ज्या धंद्यापायी, तो आता सोडतोस? मंग तिची चांदी काय मोरीत गेली? लाज वाटते ना तुले? वाटू दे! लाज घेऊनच कर. बाटलीत किती राह्यलं?"

"एखाद्या काचेपुरतं."

"काढ मंग."

"तुमची काढतो. बसा."

"माही कायले?" म्हाताऱ्यानं सुनेकडं हात केला. "हिचे तोडे खाल्ले त्या पेटीनं. हिची काढली का कधी?"

सहदेवनं मान हलवली, नाही.

शकुननं बाटली कोनाड्यातून उतरवली, तिला हळदकुंकू लावलं आणि हात जोडले. उन्ह अंगणात आलं होतं. त्यानं पेटी मांडली, खुर्ची पुसली. शकुन खुर्चीपाशी आली, पण बसली नाही. तिनं हात पुढं केला.

"आधी काच दाखवा."

म्हाताऱ्यासमोर, उघड्या अंगणात. सहदेवनं खाली मान घालून अजून चांदी न चढवलेली कोरी काच तिच्या हातात दिली. तिनं ती उन्हात धरली, तिच्याआरपार नवऱ्याकडं नीट पाहून घेतलं, आणि परत दिली.

"घाला," म्हणाली, आणि खुर्चीत बसली.