भिंतीच्या कडीला बांधलेली दोरी

मित्रांनो, मी एक जुनी दगडी भिंत आहे आणि आता मला थोडं पोटही सुटलं आहे. ते कसं सुटलं, हीच माझी गोष्ट.

उपनगरातल्या एका चर्चच्या मागे मी उभी आहे. माझ्या एका अंगाला दफनभूमी, दुसऱ्या अंगाला गल्ली. चर्च बांधलं तेव्हा इथे नुसती शेतं होती आणि मी गुडघ्याएवढी होते. गुरं आत शिरू नयेत, एवढंच माझं काम. पुढे शहर पसरत आलं, शेतांच्या जागी घरं झाली. राहणारे वाढले, तसे मरणारेही वाढले. जागा मात्र तेवढीच. मग जुन्या कबरींवर नवी माती टाकून तिथेच पुन्हा पुरू लागले. जमीन चढत गेली, तसे माझ्यावर दगडांचे थर चढत गेले. आज आतली माणसं गल्लीतल्या घरांच्या छपराएवढ्या उंचीवर झोपली आहेत आणि त्या सगळ्यांना मी एकटीने पाठ लावून धरलं आहे.

मला वाढवणारा गवंडी शहाणा होता. मातीत मुरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून त्याने माझ्या अंगात भाजक्या मातीच्या नळ्या बसवल्या. पाऊस आला की त्या ठिबकत. त्यामुळे मी शेवाळलेली, ओघळांनी डागाळलेली दिसे, पण पाठीला ओझं होत नसे. चर्चचे फोटो सगळे समोरून काढतात. माझा कधी कुणी काढला नाही. असो.

माझ्या पायथ्याशी कडकमावशीचं घर. लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून ती पोट भरते. तिची इस्त्री कडक आणि जीभ त्याहून कडक, म्हणून हे नाव. तिच्या दारातल्या खांबापासून माझ्यातल्या लोखंडी कडीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी आणि वर ताडपत्री. तिचा नवरा माझ्या पलीकडे, अगदी कडेला पुरलेला. "मी हाक मारली तर ऐकू जाईल अशीच जागा द्या," असा तिने हट्टच धरला होता. कपडे वाळत घालताना ती त्याच्याशी भांडायची. मला ते ऐकायला फार आवडायचं.

एकदा माझं गढूळ पाणी कुणाच्या तरी पांढऱ्याशुभ्र शर्टावर ठिबकलं आणि मावशीचं जुनं गिऱ्हाईक तुटलं. ती तरातरा चर्चमध्ये गेली.

"फादर, तुमची भिंत माझ्या पोटावर पाय देतेय. ती भोकं बुजवा, नाहीतर मी इथून हलायची नाही!"

पाद्री भले गृहस्थ, त्यांना भांडण सोसत नाही. आताचा एक गवंडी आला, सिमेंट आलं आणि माझ्या सगळ्या नळ्यांची तोंडं बंद झाली. वरून चुना फासला. त्या दिवशी पहिल्यांदाच मला कुणीतरी सुंदर म्हणालं. खोटं कशाला बोलू, मीही सुखावले.

मग झड लागली. पाऊस थांबायचं नाव घेईना. आतली माती पाणी पीत राहिली आणि त्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती. पाठीवरचा भार वाढत चालला. माझे दगड एकमेकांवर करकरू लागले. खाली, मला अगदी खेटून असलेल्या खोलीत, मावशीची बाळंतीण लेक तान्ह्या बाळाला घेऊन निजली होती. मला भिंत म्हणून सगळं जमतं, पण ओरडता येत नाही.

सकाळी मावशीला दोरी सैल दिसली. तिने ती ताणून बांधली. दुपारी पाहते तर दोरी पुन्हा झोल खाऊन खाली आलेली आणि चादर चिखलात लोळलेली.

"मेली ही दोरी!" म्हणत तिने गाठीला हात घातला आणि ती थबकली. सुती दोरी भिजली की आखडते. मग ही सैल कशी? तिने खांब हलवून पाहिला. खांब घट्ट होता. मग तिने हळूच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या चुन्याला आडवी भेग गेली होती आणि मी मधोमध तिच्याकडे फुगले होते.

"ऊठ गं! बाळाला घे आणि वर चर्चमध्ये जा. काही विचारू नकोस, पळ!"

गवंडी शेजारच्याच गल्लीतला. मावशीची हाक ऐकून तो पहार घेऊन धावत आला आणि मला पाहून त्याचा चेहराच उतरला.

"मावशी, हिच्याखाली उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. ही कधीही खाली येईल."

"भोकं बुजवायला मीच लावलं ना? आणा ती पहार इकडे!"

"तुम्ही बाजूला व्हा आधी," गवंडी म्हणाला आणि कडेला उभं राहून त्याने सर्वांत खालच्या नळीवर घाव घातला.

प्रत्येक घाव माझ्या माथ्यापर्यंत जात होता. वरचा एक दगड सुटून त्याच्या पायाशी आदळला. मी भ्याले. खरंच सांगते, फार भ्याले. तेवढ्यात मावशीने वर तोंड करून जिवाच्या आकांताने हाक मारली, "अहो, जरा धरून ठेवा हो!"

पलीकडून कुणी धरलं की नाही, मला ठाऊक नाही. मी मात्र दात आवळून धरलं. सिमेंट फुटलं आणि दंडाएवढी जाड धार बाहेर आली. मग दुसरी, मग तिसरी. मावशीच्या अंगणात गुडघाभर चिखल झाला आणि ती त्यातच उभी राहून रडत होती.

माझं पोट तेव्हापासून असंच आहे. गवंड्याने मला बाहेरून दगडी टेकू दिले. नळ्या पुन्हा ठिबकतात. मित्रांनो, तुमच्या आसपासही जुन्या भिंती असतील. त्यांचे डाग, त्यांची ठिबक पाहून नाक मुरडू नका. त्यांच्या पाठीवर काय आहे, ते एकदा पलीकडे जाऊन पाहा.

मावशी आता कपडे दुसरीकडे वाळत घालते. माझ्या कडीची दोरी मात्र तिने सोडलेली नाही. रोज सकाळी ती त्या रिकाम्या दोरीवर बोट मारून पाहते. ताठ लागली की वर बघत, "आहात ना? बरं," म्हणते आणि इस्त्री तापवायला जाते.