गालातला घास

"बाई, उलटं लटकून खाल्लं तर घास डोक्यात जातो का?"

वर्ग खिदळला. बाईंच्या डोळ्याला रात्रभर डोळा लागला नव्हता, पण पचनसंस्था शिकवायची तर गमतीनंच, नाहीतर पोरं पेंगणार. त्यांनी पिशवीतून जुना मोजा काढला, त्यात चेंडू घातला आणि मागून दाबत दाबत तो पुढे सरकवला. मोजा उलटा धरला तरी चेंडू आपला वर चढत गेला.

"ही अन्ननलिका. घास असा ढकलते. मग जठर तो घुसळून पातळ करतं, लहान आतडं त्यातलं सत्त्व रक्तात पाठवतं, मोठं आतडं पाणी शोषून घेतं. उरलेल्याचं काय होतं ते तुम्हाला रोज सकाळी कळतंच."

पुन्हा हशा पिकला.

"गळ्यावर हात ठेवा आणि गिळा. काहीतरी वर-खाली झालं ना? तेवढंच आपल्या हातात. पुढचं सगळं पोट बघून घेतं, त्याला सांगावं लागत नाही."

सगळा वर्ग गळे धरून बसला.

"आणि गिळायचंच विसरलं तर?" पहिल्या बाकावरच्या चिमुरडीनं विचारलं.

"हॅट्! गिळायला कोण विसरतं?" मागून कुणीतरी ओरडलं.

"विसरतं कधीकधी," बाई म्हणाल्या आणि मोजा पिशवीत कोंबला.

घरी बाईंची आई उशीला टेकून बसली होती. "सकाळपासून प्रत्येक घास गालात धरून बसल्यात हो. शेवटी बोटानं काढावा लागतो," शेजारीण म्हणाली आणि आपल्या घरी गेली.

आज पोटात काही गेलं नाही तर उद्या नाकातून नळी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मागच्या खेपेला आईनं नळी उपसून काढली, तेव्हा तिचे दोन्ही हात पलंगाला बांधले होते. ते पुन्हा बघण्याची बाईंच्यात ताकद नव्हती.

त्यांनी सूप कोमट केलं, चमचा भरवला. आईचा गाल फुगला आणि तसाच राहिला.

"गिळ ना गं आई. एवढा एकच."

गाल फुगलेलाच.

"अगं, छळ मांडलायस नुसता!" बाई ओरडल्या आणि लगेच त्यांचं त्यांनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी आईचा हात उचलून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "हे बघ. असं." त्यांनी आवंढा गिळला.

आईच्या ओठांच्या कोपऱ्यातून सूप हनुवटीवर ओघळलं. बाईंनी ते पुसलं. गळ्यावरची बोटं मात्र तिथंच राहिली. मग आईनं दुसऱ्या हातानं चमचा घेतला, वाटीत बुडवला आणि बाईंच्या तोंडाशी आणला.

"गिळ गं सोने. तुझं हे रोजचंच. गालात धरून बसतेस."

बाईंनी तोंड उघडलं. सकाळपासून त्यांच्याही पोटात काही नव्हतं. घास खाली उतरेपर्यंत आईनं बोटं हलवली नाहीत.

"शहाणी माझी ती," म्हणत तिनं पुन्हा चमचा भरला.

उद्या हे हात बांधले जाणार होते. वाटी संपेपर्यंत बाई मुकाट्यानं तोंड उघडत राहिल्या.